संघर्षशैली

दोन व्यक्तींच्या गरजा, हेतू किंवा मते एकमेकांच्या आड आली असता त्यांपैकी एखादी व्यक्ती ज्या रीतीने वारंवार वागते, त्या रीतीस संघर्षशैली म्हणतात. रूढ वर्गीकरणात तिचे स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणे आणि नमते घेणे असे पाच प्रकार येतात. स्वतःच्या म्हणण्याचा आग्रह हा एक अक्ष आणि समोरच्याच्या गरजेची दखल हा दुसरा. दोन्ही अधिक असल्यास सहकार्य, दोन्ही कमी असल्यास टाळणे, नुसता आग्रह अधिक असल्यास स्पर्धा, नुसती दखल अधिक असल्यास नमते घेणे. तडजोडीचे स्थान मध्यावर.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की रात्री खिडकीतल्या कूलरवरून जो वाद होतो, त्यात हे पाचही प्रकार दिसू शकतात. सासूबाईंना वाऱ्याने सांधे धरतात, मुलाला कूलरशिवाय झोप येत नाही. ‘कूलर बंद होणार नाही’ असे त्याने बजावणे ही स्पर्धा. आईसाठी कूलर बंद करून घामाघूम पडून राहणे हे नमते घेणे. विषयच नको म्हणून अंथरूण घेऊन गच्चीवर जाणे हे टाळणे. बारापर्यंत चालू आणि पुढे बंद, ही तडजोड. ‘आई, तुम्हाला गारवा नको, की अंगावरचा वारा नको?’ असे सुनेने विचारले आणि ‘वारा नको’ एवढेच उत्तर आले, तर खाट झोताबाहेर सरकवून कूलर रात्रभर चालू ठेवता येतो. हे सहकार्य होय. तडजोडीत दोघांचेही थोडे सुटते. येथे कोणाचेच काही सुटलेले नाही.

या वर्गीकरणाचे जनकत्व कोणाकडे द्यावे, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) यांनी १९२५ च्या सुमारास दिलेल्या व्याख्यानात वर्चस्व, तडजोड आणि एकात्मीकरण असे संघर्ष मिटवण्याचे तीन मार्ग सांगितले. एकात्मीकरणाचा, म्हणजे दोघांच्याही गरजा भागवण्याचा, त्यांचा दाखला हार्वर्डमधील ग्रंथालयाच्या खिडकीचा आहे. एकाला ती उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडण्यात आली, कारण त्याला हवा हवी होती आणि फॉलेट यांना फक्त उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. एका संत्र्यासाठी भांडणाऱ्या दोन बहिणींची गोष्टही पुष्कळदा फॉलेट यांच्या नावावर सांगितली जाते. एकीला रस हवा असतो, दुसरीला केकसाठी साल. संत्र्याची साल वाळवून उटण्यात घालणाऱ्या नागपूरकरांना ती सहज पटण्याजोगी आहे. तथापि फॉलेट यांचा स्वतःचा दाखला खिडकीचाच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दोन अक्ष आणि पाच प्रकार ही मांडणी रॉबर्ट ब्लेक व जेन माउटन या व्यवस्थापनतज्ज्ञांच्या १९६४ मधील व्यवस्थापकीय जालकातून, म्हणजे व्यवस्थापकाची शैली दोन अक्षांवर दाखवणाऱ्या आराखड्यातून आली. केनेथ थॉमस व राल्फ किलमन यांनी पुढे अक्षांचा रोख व्यवस्थापकाच्या धारणेकडून संघर्षातील व्यक्तीच्या हेतूकडे वळवला आणि १९७४ मध्ये त्यावर प्रश्नावली बेतली. मूळ विचार फॉलेट यांचा, चौकट ब्लेक–माउटन यांची आणि मापन थॉमस–किलमन यांचे, अशी विभागणी केल्यास बराचसा वाद मिटतो.

थॉमस–किलमन प्रश्नावलीत विधानांच्या ३० जोड्या असून प्रत्येक जोडीतून एकच विधान निवडावे लागते. प्रत्येक शैलीची गाठ अन्य चार शैलींशी प्रत्येकी तीनदा पडते. त्यामुळे एका शैलीला जास्तीत जास्त १२ गुण मिळतात आणि पाचांची बेरीज नेहमी ३० भरते. एका शैलीचे गुण वाढले की दुसरीचे घटतातच. परिणामी ही प्रश्नावली एका व्यक्तीच्या सवयींचा आपसातील क्रम दाखवते. दोन व्यक्तींचे गुण शेजारी ठेवून अमका अधिक भांडखोर असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. नोकरीतील निवडीसाठी असे आकडे वापरणे तर अन्यायाचे होईल. अफझलूर रहीम यांच्या १९८३ मधील २८ विधानांच्या मापनात प्रत्येक विधानाला स्वतंत्र गुण दिले जात असल्याने ही अडचण येत नाही. डीन प्रुइट व जेफ्री रुबिन यांनी तडजोडीला स्वतंत्र शैली मानलेच नाही. त्यांच्या दृष्टीने ती अर्धवट सोडलेली सोडवणूक आहे.

‘शैली’ हा शब्द स्थिर स्वभाव सुचवतो, आणि तेथेच मोठी गल्लत होते. नागपुरातील बर्डीच्या बाजारात भाव करताना हटून बसणारा मनुष्य घरी थोरल्या भावापुढे अवाक्षर काढत नाही. म्हणून स्वतःची शैली ओळखताना अलीकडचे चार-पाच वाद, ते कोणाशी झाले याच्या नोंदीसह, आठवून पाहणे प्रश्नावलीइतकेच उपयोगी ठरते. टाळण्याचा अर्थही संदर्भाने बदलतो. संवादाच्या अभ्यासक स्टेला टिंग-टूमी यांच्या सिद्धांतानुसार समोरच्याची प्रतिष्ठा जपण्यावर भर देणाऱ्या संस्कृतींत टाळणे व नमते घेणे अधिक आढळते. मराठीत ‘वेळ मारून नेणे’ आणि ‘मान राखणे’ हे वेगळे प्रयोग आहेत, पण प्रश्नावलीच्या हिशेबी दोन्ही टाळणेच ठरू शकतात.

दोन्ही पक्षांना बोलण्याची मोकळीक आहे, हे या वर्गीकरणात गृहीत धरलेले असते. भीतीपोटी गप्प राहणाऱ्या सुनेला किंवा कंत्राटी कामगाराला ‘टाळणारा’ म्हणणे योग्य नाही, आणि मारहाणीची गणना स्पर्धेत होत नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे. घरातील हिंसेसाठी मात्र २००५ चा स्वतंत्र कायदा असून त्याखाली पीडितेला संरक्षणाचा आदेश मागता येतो.