माँटगोमेरी काउंटीतील सार्वजनिक प्री-के वर्ग

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, वॉशिंग्टन शहराला वायव्येकडून लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सरकारी प्राथमिक शाळांमधून मुख्यतः चार वर्षांच्या मुलांसाठी चालवले जाणारे मोफत वर्ग. वयाच्या हिशेबाने प्री-के म्हणजे आपला छोटा शिशू आणि त्यानंतरचे किंडरगार्टन म्हणजे मोठा शिशू. किंडरगार्टन मेरिलँडमध्ये सक्तीचे आहे, प्री-के ऐच्छिक.

मेरिलँडमध्ये शाळांचा कारभार काउंटीनिहाय चालतो. त्यामुळे पोटोमॅकचे बंगले आणि सिल्व्हर स्प्रिंग, गेदर्सबर्गमधल्या भाड्याच्या अपार्टमेंट एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच शालेय प्रशासनाखाली, येतात. सुमारे १ लाख ६० हजार विद्यार्थ्यांच्या या डिस्ट्रिक्टचा सरासरी निकाल चांगला दिसतो. फरक कळायचा तर शाळानिहाय आकडे उघडावे लागतात. १९९९ मध्ये आलेले डिस्ट्रिक्टचे अधीक्षक जेरी वीस्ट यांनी हा फरक नकाशावरच मांडला. गरिबी जास्त असलेल्या शाळा ‘रेड झोन’मध्ये, बाकीच्या ‘ग्रीन झोन’मध्ये. रेड झोनमध्ये पूर्ण दिवसाचे किंडरगार्टन आधी सुरू झाले, खालच्या इयत्तांतली पटसंख्या २५ वरून १७ च्या आसपास आणली गेली, आणि वाचन-गणिताला जादा वेळ व शिक्षकांना जादा प्रशिक्षण मिळाले. गरीब कुटुंबांसाठीचे प्री-के आणि १९६५ पासूनची केंद्र सरकारची ‘हेड स्टार्ट’ योजना हा याच साखळीचा पहिला दुवा. महाराष्ट्रात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि पहिली शिक्षण विभागाकडे असते. माँटगोमेरीत प्री-के आणि पहिली दोन्ही एकाच कार्यालयाखाली असल्याने चार वर्षांच्या मुलाची प्रगती पुढच्या इयत्तांपर्यंत त्याच नोंदीत पाहता येते.

चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात प्रवेशासाठी मूल १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षांचे झालेले असावे लागते. २ सप्टेंबरला जन्मलेल्याला सहसा एक वर्ष थांबावे लागते. जन्माचा पुरावा, काउंटीतील राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा मालमत्ता कराचे बिल), लसीकरणाची नोंद आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचे कागद द्यावे लागतात. अर्ज सहसा उत्पन्नाच्या आणि पत्त्याच्या कागदांपाशी अडतो. रोखीने मजुरी घेणाऱ्याकडे वेतनचिठ्ठी नसते, आणि दोन कुटुंबे एका घरात राहत असली की भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर असतो. नियमानुसार वर्गाची सरासरी पटसंख्या २० पर्यंत आणि दर १० मुलांमागे एक मोठे माणूस. म्हणजे व्यवहारात एक शिक्षिका आणि एक सहायक.

अर्ध्या दिवसाचा वर्ग जेमतेम अडीच तासांचा. दोन पाळ्या लावल्या की एकाच शिक्षिकेकडे चाळीस मुले बसवता येतात, म्हणून प्रशासनाला तो परवडतो. पालकांना तो परवडत नाही, कारण साडेअकराला सुटलेल्या मुलाला घ्यायला कोण येणार? ज्या घरात दोघेही तासावर काम करतात तिथले मूल एक तर नाव नोंदवत नाही किंवा गैरहजर राहते. वर्गाचा उपयोग ज्याला सर्वांत जास्त, तेच मूल असे बाहेर राहते.

निकाल मोजताना पहिली चूक होते ती तुलनेत. सरकारी प्री-केमध्ये उत्पन्नाच्या अटीमुळे गरीब मुलेच येतात. त्यांचे गुण खासगी नर्सरीतून आलेल्यांच्या शेजारी ठेवले की वर्गच निकामी वाटतो. उलट, अर्ज न केलेल्या गरीब मुलांशी तुलना केली की वर्ग जादूसारखा भासतो. अर्ज करणारे पालक मुळातच धडपडे असतात हे त्यात विसरले जाते. म्हणून सोडतीने प्रवेश झालेल्या ठिकाणचे अभ्यास अधिक भरवशाचे. मात्र त्यांचेही निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. टेनेसीत प्री-के मिळालेली मुले सहावीपर्यंत राज्य परीक्षेत न मिळालेल्यांच्या मागे पडलेली आढळली (२०२२). बॉस्टनमध्ये परीक्षेच्या गुणांत फरक दिसला नाही, पण शाळा संपताच कॉलेजात जाणाऱ्यांचे प्रमाण ८ टक्के-बिंदूंनी वाढले (२०२१).

माँटगोमेरीतला सर्वांत बोलका पुरावा मात्र घरबांधणीतून आला. १९७४ च्या कायद्याने इथे ५० किंवा अधिक घरांच्या नव्या वसाहतीत ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या दरात ठेवणे बंधनकारक झाले, आणि त्यातली काही घरे काउंटीचे गृहनिर्माण प्राधिकरण विकत घेऊन गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कुटुंबाला कोणत्या भागात घर मिळेल हे बहुतांशी योगायोगाने ठरते. संशोधक हेदर श्वार्ट्झ यांनी अशा घरांतील ८५८ मुलांचे २००१ ते २००७ चे निकाल तपासले. ग्रीन झोनमधल्या, म्हणजे गरिबी कमी असलेल्या शाळांत गेलेली मुले प्राथमिक शाळा संपेपर्यंत रेड झोनमधल्या मुलांच्या स्पष्टपणे पुढे होती, आणि तेही जादा पैसा रेड झोनकडे वळवलेला असताना. हा अभ्यास प्री-केची बाजू घेत नाही किंवा विरोधही करत नाही. चौथ्या वर्षीच्या वर्गानंतर मूल कोणत्या शाळेत जाते याचे वजन किती, एवढे तो दाखवतो. प्री-केमध्ये अक्षरे आणि वीसपर्यंतचे अंक शिकून आलेल्या मुलाला किंडरगार्टनमध्ये तेच पुन्हा गिरवायला लावले की मिळालेली आघाडी वर्षभरात विरते. इथे उणीव पुढच्या वर्गाची असते. दोष मात्र प्री-केच्या माथी येतो.

किंडरगार्टनच्या सुरुवातीला होणारी सज्जता चाचणी (केआरए, २०१४-१५ पासून) भाषा, गणित, सामाजिक वर्तन आणि शारीरिक विकास तपासते. २७० किंवा अधिक गुण मिळवणारे मूल ‘सज्ज’ धरले जाते. २६९ वाले ‘सज्जतेच्या जवळ’. शाळेची टक्केवारी या एका गुणाने हलते, म्हणून टक्केवारीसोबत सरासरी गुणही पाहावेत.

२००२ च्या राज्य कायद्याने २००७-०८ पर्यंत सर्वांना पूर्ण दिवसाचे किंडरगार्टन आणि गरीब कुटुंबांतील चार वर्षांच्या मुलांना प्री-के देणे सक्तीचे केले. तेव्हाची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के होती. २०२१ मध्ये गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून लागू झालेल्या ‘ब्लूप्रिंट’ कायद्याने ती टप्प्याटप्प्याने ३०० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले, तीन वर्षांच्या गरीब मुलांनाही सामावून घेतले, ३०० ते ६०० टक्क्यांच्या दरम्यानच्या कुटुंबांसाठी उत्पन्नाप्रमाणे शुल्क आखले आणि खासगी केंद्रांनाही योजनेत आणले. वर्गात बसणारी मुलेच बदलत असल्याने या विस्ताराआधीच्या आणि नंतरच्या प्री-केचे गुण थेट शेजारी ठेवता येत नाहीत.