डार्क फायबर भाड्याने द्यायचंय? आधी आयपी-1 रजिस्ट्रेशन करून घ्या

मोबाइल टॉवरपासून ऑपरेटरच्या मेन नेटवर्कपर्यंत डेटा नेणारी जी लिंक असते ना, ती बॅकहॉल, आणि 5जी आल्यापासून तिथे मायक्रोवेव्ह (म्हणजे रेडिओ लहरींवरची लिंक) बऱ्याच ठिकाणी पुरत नाही, फायबर लागते. म्हणून तालुक्याच्या गावात केबल टाकून बसलेले बरेच जण विचारतात, आमच्या रिकाम्या कोअर (केबलमधले न वापरलेले फायबर, म्हणजेच डार्क फायबर) जिओ-एअरटेलला भाड्याने देता येतील का? येतील, पण त्याला डॉटचं, म्हणजे दूरसंचार विभागाचं, आयपी-1 (इन्फ्रास्ट्रक्चर प्रोव्हायडर, कॅटेगरी 1) रजिस्ट्रेशन लागतं.

पात्रतेचं फार टेन्शन नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेली भारतीय कंपनी पाहिजे, एवढंच. एन्ट्री फी नाही, नेटवर्थची अट नाही, बँक गॅरंटी नाही. प्रोप्रायटरशिपवर धंदा चालू असेल तर मात्र आधी प्रायव्हेट लिमिटेड काढा. अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, प्रोसेसिंग फी 5,000 रुपये, ती परत मिळत नाही.

कागदपत्रं नेहमीचीच: इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, एमओए-एओए (कंपनीची उद्दिष्टं आणि नियम लिहिलेली कागदपत्रं), डायरेक्टरांची यादी, कोणाचे किती शेअर त्याचा तक्ता, परदेशी पैसा आहे की नाही ते, आणि सही करणाऱ्याच्या नावाने बोर्ड रिझोल्यूशन. एमओएच्या उद्दिष्टांत टेलिकॉम इन्फ्रास्ट्रक्चर शब्दात लिहिलंय का ते सीएला आधीच बघायला सांगा, नुसतं 'केबल व्यवसाय' असेल तर दुरुस्त करून घेतलेलं बरं.

आता खरी गोम. आयपी-1 वर तुम्ही डार्क फायबर, डक्ट (केबल टाकायची नळी), टॉवर, राइट ऑफ वे (दुसऱ्याच्या जागेतून केबल न्यायचा हक्क) भाड्याने देऊ शकता, तेही लायसन्सवाल्या टेलिकॉम कंपन्यांनाच, समोरच्या कारखान्याला किंवा बँकेला थेट नाही. आणि दोन्ही टोकांना स्वतःचं मशीन लावून "1 जीबीपीएस घ्या" असं बँडविड्थ म्हणून विकलंत की ते यात बसत नाही, त्याचं लायसन्स वेगळं. पूर्वी त्यासाठी आयपी-2 होतं, ते 2005 मध्येच बंद झालं.

हे रजिस्ट्रेशन हातात आलं म्हणजे रस्ता खोदायची परवानगी मिळाली असं समजू नका हं. ती नगरपालिका, पीडब्ल्यूडी, ज्याची जागा त्याच्याकडून, गतिशक्ती संचार पोर्टलवरून. राइट ऑफ वेचे 2024 चे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत, वेळ आणि पैसा खरा इथेच जातो.

आणि हो, 2023 च्या दूरसंचार कायद्यामुळे ही जुनी रजिस्ट्रेशनची पद्धत बदलायला घेतलीय, तेव्हा फी भरायच्या आधी त्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय ते वाचूनच पुढे जा.