पोटात खडू असलेला दाणा

तांदूळ निवडायला ताट पुढ्यात घेतलं की एखादा दाणा वेगळा दिसतो. बाकीचे काचेसारखे, याच्या पोटात मात्र खडूसारखा पांढरा डाग. आपण खडा नाही ना, किडा नाही ना एवढंच बघतो आणि डाग सोडून देतो. जपानच्या निइगाता प्रांतात २०२३ साली याच डागाने शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

मुळशी-मावळ म्हटलं की जसा आंबेमोहर, तसा निइगाता म्हटलं की कोशिहिकारी. तिथे साळीचं फक्त टरफल काढून, पॉलिश करण्याआधी दाण्याची प्रत ठरवतात. शंभरातले किमान सत्तर दाणे निर्दोष असतील तरच पहिली प्रत. एरवी इथला जवळपास तीन चतुर्थांश कोशिहिकारी पहिल्या प्रतीत बसतो. त्या वर्षी ऑगस्टभर ऊन तापलं, पाऊस जवळजवळ पडलाच नाही, आणि पहिल्या प्रतीचं प्रमाण घसरून ५ टक्क्यांच्या आसपास आलं.

असं का होतं? भात निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की पुढचे वीसेक दिवस नाजूक असतात. दाणा चिकात येतो, पानांनी केलेली साखर त्यात उतरते आणि तिचं स्टार्च बनतं. स्टार्चचे कण एकमेकांना घट्ट चिकटून बसले तर प्रकाश आरपार जातो आणि दाणा काचेसारखा दिसतो. पण या दिवसांत दिवस-रात्रीचं सरासरी तापमान २६-२७ अंशांच्या वर राहिलं की घडी विस्कटते. स्टार्च बनवणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात. उलट स्टार्च तोडणारं अमायलेज, ज्याचं खरं काम दाणा रुजताना, ते आताच जागं होतं. कण सुटे, गोलसर राहतात, मध्ये हवेच्या फटी पडतात आणि तिथे प्रकाश विखुरतो. साबणाचं पाणी पारदर्शक असूनही फेस पांढरा दिसतो, तोच प्रकार.

डाग दिसायला वाईट, एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. असा पोकळ दाणा गिरणीत टिकत नाही, त्याची कणी होते. म्हणूनच जपानात एक चमत्कारिक गोष्ट घडली. २०२३चं पीक सरकारी आकड्यांनुसार नेहमीइतकंच होतं, पण २०२४च्या ऑगस्टमध्ये दुकानांतली तांदळाची फडताळं रिकामी झाली. मागणी वाढली होती, भूकंपाच्या इशाऱ्यामुळे लोकांनी साठाही केला. पण तेवढ्याच साळीतून पांढरा तांदूळ कमी निघाला, हेही एक कारण होतं, आणि सरकारने ते पुढे मान्य केलं. शेतात मोजलेले किलो आणि ताटात आलेले किलो यांत उष्णतेने असा वाटा मारला.

शिजल्यावरही फरक पडतो. उष्णतेत दाण्यातलं अमायलोज, म्हणजे स्टार्चचाच एक घटक, कमी होतं, आणि भात मोकळा होणार की गिच्च, हे बरंचसं त्यावरच ठरतं. सुवासिक जातींचा वासही दाणा थंडाव्यात भरला तर जास्त टिकतो. बासमतीची लावणी जुलैत करतात ती उगाच नाही. दाणा भरेपर्यंत उत्तरेत रात्री गार झालेल्या असतात.

रात्रीचं महत्त्व आपल्या लक्षात येत नाही. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २००४ साली स्वतःच्या शेतावरच्या नोंदी तपासल्या. कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटत होतं. तापलेल्या रात्रीत रोप श्वसनातच दिवसाची कमाई उडवतं.

हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड हा आणखी वेगळा त्रास, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. चीन आणि जपानमध्ये उघड्या शेतात वाढीव कार्बन डायऑक्साइड सोडून १८ जाती वाढवल्या गेल्या. २०१८ साली निष्कर्ष आले: प्रथिनं सरासरी १० टक्क्यांनी कमी, लोह ८ टक्क्यांनी, जस्त ५ टक्क्यांनी, काही जातींत तपासलेलं ब-१ जीवनसत्त्व १७ टक्क्यांनी कमी. ज्या घरात दोन्ही वेळचं पोट भातावरच भरतं, तिथे हे आकडे लहान नाहीत.

निइगाताने यावर तोड काढली ती शिन्नोसुके नावाच्या जातीने. ती उष्णता सोसते, शिवाय कोशिहिकारीपेक्षा उशिरा पिकते, त्यामुळे दाणा भरण्याचे दिवस भर उन्हाळ्यातून सरकतात. २०२३च्या त्याच उन्हात तिचं पहिल्या प्रतीचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर राहिलं.

गरवं भात उशिरा पिकतं हे आपल्याला जपानने सांगायला नको. पण गरव्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. पाऊस परतला की वरच्या खाचरांत ओल राहत नाही, म्हणून तिथे शेतकरी हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भातच लावतो. त्याला हंगाम पुढे ढकलायची सोय नाही. त्याला हवी आहे ती लवकर पिकूनही ऊन सोसणारी जात.