पापणी पडली? आधी बाहुली बघा

व्हॉट्सॲपवर एक फोटो पुन्हा पुन्हा फिरत येतो. एका माणसाचा डोळा मिटलेला, शेजारी तोच डोळा टक्क उघडा, आणि खाली ‘डोळ्याच्या लकव्यावर रामबाण मुळी’. ‘डोया उघडत नही’ म्हणत आलेल्या माणसाला आपल्या खान्देशात घरचे आधी मुळी बांधायला नेतात, सातपुड्याकडे भगताकडे नेतात, दवाखाना त्यानंतर. आणि खरी पंचाईत अशी की मुळी बांधलेले पुष्कळ जण बरे होतात! ते का बरे होतात, हे कळलं की जे बरे होत नाहीत ते कुठे जातात तेही कळतं.

पहिल्यांदा एक घोळ निस्तरू. चेहऱ्याच्या लकव्यात तोंड वाकडं होतं आणि डोळा मिटत नाही. इथे उलट आहे, डोळा उघडत नाही. दोन्हीच्या नसा वेगळ्या. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, त्यातली तिसरी डोळ्याकडे जाते. डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार हिच्या हुकमात, पापणी उचलणारा स्नायू हिचाच, आणि बाहुली, म्हणजे डोळ्याच्या मधला काळा गोल, लहान करणारे तंतूही हिच्यातूनच जातात. ही नस बंद पडली की पापणी खाली येते आणि उरलेले दोन स्नायू बुबुळाला बाहेर आणि खाली ओढून ठेवतात. पेशंटने पापणी बोटाने उचलली की एकाचे दोन दिसू लागतात. पूर्ण मिटलेली पापणी तेवढं एक झाकून ठेवते, म्हणून कित्येकांना दोन दिसतात याचा पत्ताच नसतो.

आता माझ्या आवडीचा भाग. बाहुलीचे तंतू नसेच्या अगदी पृष्ठभागावर, वरच्या-आतल्या बाजूला असतात. स्नायूंचे तंतू गाभ्यात. पृष्ठभागाला मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांचाही पुरवठा मिळतो; गाभा मात्र नसेत शिरणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून. मधुमेह आणि रक्तदाबाने खराब होतात त्या नेमक्या या बारीक वाहिन्या. ठिबकचा दाब कमी झाला की नळीच्या टोकाची केळी आधी सुकते, तसा गाभा आधी उपाशी पडतो. पापणी पडते, डोळा वळत नाही, पण बाहुली शाबूत राहते. असा झटका साधारण तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. मुळीवाल्याचं यश ते हेच.

दुसरी शक्यता वेगळी आणि भयंकर. मध्यमेंदूतून बाहेर पडल्यावर ही नस मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याला खेटून पुढे जाते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1664 साली वर्णन केलेलं हेच ते कडं. त्यातल्या एका धमनीची भिंत कमकुवत होऊन फुगवटा आला, म्हणजे ॲन्युरिझम झाला, तर तो नसेला बाहेरून दाबतो. बाहेरून दाबलं की पहिला मार पृष्ठभागावरच्या तंतूंना. बाहुली मोठी होते आणि टॉर्च मारला तरी आकसत नाही. हा फुगवटा फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो, माणूस हातचा जातो. म्हणून अचानक पडलेली पापणी, सोबत डोकेदुखी आणि मोठी झालेली बाहुली दिसली तर त्याच दिवशी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, हवी. फुगवटा सापडलाच तर न्यूरोसर्जन त्याला क्लिप लावतात किंवा मांडीच्या धमनीतून नळी सरकवून आत प्लॅटिनमच्या कॉइल भरतात.

बाहुली शाबूत तर मधुमेही झटका, मोठी तर फुगवटा, हा नियम मात्र डोळे झाकून वापरायचा नाही. मधुमेही झटक्यातही भुवईपाशी चांगलंच दुखतं आणि काहींची बाहुली किंचित मोठी होते. उलट, दाबामुळे झालेल्या दुखण्यात पहिले काही दिवस बाहुली ठीक असू शकते. पापणी अर्धवटच पडली असेल तर बाहुली शाबूत असण्याला फारसा अर्थ नाही. म्हणून आता बहुतेक डॉक्टर स्कॅन सांगतातच, आणि तो पैसे काढायचा धंदा नव्हे.

एकटी बाहुली मोठी झाली, पापणी आणि डोळ्याची हालचाल ठाकठीक, तर शेतात काय उपटलं ते आधी विचारा. निंदणीत धोत्रा हाताला लागला आणि तोच हात डोळ्याला, की बाहुली एक-दोन दिवस मोठीच राहते. पायलोकार्पिन या बाहुली आकसवणाऱ्या औषधाच्या थेंबाने नस बंद पडलेली बाहुली आकसते, धोत्र्याची नाही, कारण तिथे स्नायूवरची औषध पकडणारी जागाच अडलेली असते.

बाकीची कारणंही आहेत: डोक्याला मार, गाठ, मेंदूज्वर, पन्नाशीनंतर कानशिलाच्या धमनीची सूज. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, कितीतरी मधुमेहींचे डोळे असेच थिजवले. मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या आजारातही पापणी पडते, पण ती संध्याकाळी जास्त जड होते आणि बाहुलीला धक्का लागत नाही.

लेकरांचं गणित निराळं. त्यांच्यात हा दोष बऱ्याचदा जन्मतःच असतो, नाहीतर अपघाताने येतो, ॲन्युरिझम क्वचित. काही बाळं हनुवटी वर करून, पापणीच्या फटीतून बघतात. ‘तिरळं लेकरू नशिबाचं असतं’ म्हणत घरचे वाट पाहतात, आणि तोवर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घ्यायचंच सोडून देतो. हा आळशी डोळा साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुधारला तर सुधारतो, त्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते. चष्मा लागत असेल तर तोही तेव्हाच.

मार किंवा दाबानंतर तुटलेले तंतू परत वाढतात तेव्हा वाट चुकतात. बुबुळ नाकाकडे फिरवणाऱ्या स्नायूचा तंतू पापणीच्या स्नायूत शिरतो, मग माणूस नाकाकडे बघायला गेला की पापणी वर उडते. मधुमेही झटक्यानंतर सहसा असं होत नाही. झालंच तर कुठेतरी दाब आहे असं धरून पुन्हा शोध घ्यायचा.

मोठ्यांमध्ये पहिले काही महिने साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, एक डोळा झाकायचा किंवा चष्म्याला प्रिझम, म्हणजे दोन चित्रं एकावर एक आणणारी काच, लावायचा. सहा महिन्यांनंतरही डोळा जागचा हलला नाही तर तिरळेपणाची शस्त्रक्रिया, आणि पापणीची त्यानंतर. पापणी आधी उचलली तर झाकलेले दोन पुन्हा दिसू लागतात. झोपेत पापणी नीट मिटली नाही तरी एरवी डोळा वर फिरून बुबुळाचा बचाव होतो, तो बचाव इथे गेलेला असतो. त्यामुळे सर्जन पापणी मुद्दाम थोडी कमीच उचलतात, आणि रात्री डोळ्यात मलम घालायला सांगतात.