मासा ग्लूटेनमुक्त, पण तव्यावरची तुकडी?

"ग्लूटेन बंद म्हणजे चपाती-पाव बंद, मासळी कशीही खा, चालते." सांगली-साताऱ्याकडे सेलिॲकच्या (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते, तो आजार) रुग्णांना हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

कुपा, म्हणजे ट्यूना, काय किंवा दुसरा कुठला ताजा मासा काय, मुळात ग्लूटेनमुक्तच. कुप्यात तर 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून जास्त प्रथिनं, वर ओमेगा-3. जरूर खावा. घोळ होतो तो तव्यावर. खानावळीत तुकडीला मसाला लावून ती रव्यात घोळवतात, आणि रवा गव्हाचाच! नुसतं "रवा नको" सांगून भागत नाही; त्याच तेलात आधीची रव्याची तुकडी तळलेली असते. सेलिॲकमध्ये एवढ्या-तेवढ्यानंही आतड्याला इजा होते, मग पोट दुखो वा न दुखो. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थाला किलोमागे 20 मिलिग्रॅमचीच मर्यादा आहे, यावरून ओळखा.

घरी वेगळ्या तव्यावर, तांदळाच्या पिठीत घोळवून तळा. सोबत ज्वारीची भाकरी उत्तम, फक्त पीठ गिरणीत गव्हावर दळलेलं नको. डबाबंद ट्यूना घेताना घटक वाचा. हिंगाच्या डबीवरचेही वाचा, त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. मोठ्या ट्यूनात पारा साठतो, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांनी तो बेतानंच खावा.