साथीच्या काळात सरकारला जाब कुणी विचारायचा? 1897 च्या कायद्यापासून कोविडपर्यंतची पार्श्वभूमी

साथरोग कायदा 1897 हा मुळात जेमतेम चार कलमांचा कायदा, एका पानात मावेल असा. पहिल्या कलमात नाव आणि हद्द, दुसऱ्यात साथ आली की सरकारला लागतील ते नियम करायचे अधिकार, तिसऱ्यात ते नियम मोडणाऱ्याला शिक्षा, तीच ती आयपीसी 188, म्हणजे सरकारी आदेश न पाळल्याचं कलम (2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली), आणि चौथ्यात असं की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कुठल्याही गोष्टीसाठी कुणावरही दावा चालणार नाही. संपला कायदा. भरपाईचा उल्लेख आहे, पण तोही "असल्यास", आणि ती कशी नि कुणी द्यायची हे ठरवणार पुन्हा सरकारच. आधीपासून तयारी काय ठेवायची, एखाद्याला घरातून उचलून नेलं तर त्याने तक्रार कुठे करायची, निर्णय चुकला तर कोण उत्तर देणार, यातलं काहीच त्यात नाही. कोविडमध्ये जी भांडणं झाली, ऑक्सिजन, मजूर, मृत्यूंचे आकडे, महापालिकांची खरेदी, ती समजायची तर आधी हा कायदा कुठून आला ते बघावं लागतं, आणि तो आला आपल्याच मुंबईतून.

सप्टेंबर 1896. मांडवी भागात तापाने आणि गाठी येऊन माणसं मरायला लागली. गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस तिथे प्रॅक्टिस करत होते, त्यांनी हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं ओळखलं. मुंबई म्हणजे कापसाचं बंदर, त्यामुळे युरोपातल्या देशांनी मुंबईच्या जहाजांवर बंदी घालायची भाषा सुरू केली आणि सरकारचे धाबे दणाणले. म्हणजे लोक मरतायत ही काळजी होती, नाही असं नाही, पण घाई झाली ती व्यापाराची. 4 फेब्रुवारी 1897 ला कलकत्त्यात कायदा पास. त्याआधीच ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असं लोकांना वाटायचं. या भीतीला उत्तर म्हणून सरकारने विश्वास नाही वाढवला, अधिकार वाढवले.

मग पुणे. वॉल्टर चार्ल्स रँड हा आयसीएस अधिकारी साताऱ्याहून आणला, तिथे तो कडक म्हणून आधीच बदनाम होता. त्याच्या हाताखाली स्पेशल प्लेग कमिटी, आणि 13 मार्च 1897 पासून गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या सुरू. सोवळ्यात शिरणं, देवघरात बूट घालून जाणं, बायकांची उघड्यावर तपासणी, सामान जाळणं, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. पण शाळेत एक गोष्ट नीट येत नाही ती म्हणजे उपायांनाच सरसकट विरोध होता असं नव्हतं. टिळकांनी स्वतः हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करायला मदत केली, आणि शहर सोडून पळून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर टीका पण केली. सावित्रीबाई फुले तर मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला प्लेगनेच गेल्या, म्हणजे झडत्या सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. लोकांचा राग होता तो पद्धतीवर, आणि त्याहून जास्त तक्रार ऐकायलाच कुणी नाही यावर. रँडकडे अर्ज गेले, गव्हर्नर सँडहर्स्टपर्यंत गाऱ्हाणी गेली, उत्तर साधारण एकच, पुरावा द्या.

इथे गोखल्यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे कारण माझ्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांचा सगळा पॅटर्न त्यात आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा भारताच्या सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला होते. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती, पंडिता रमाबाईंनीही बॉम्बे गार्डियन या पत्रात पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलमधल्या कारभाराबद्दल उघड लिहिलं होतं. त्या सगळ्याच्या जोरावर गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या इंग्रजी वृत्तपत्राला सांगितलं की सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केलेत. विलायतेत गदारोळ झाला, पार्लमेंटात प्रश्न आले, आणि मुंबई सरकारने सरळ नाकारलं. गोखले परत आले तर ज्यांनी पत्रं लिहिली त्यातलं कुणी नाव द्यायला तयार नाही, कारण तोवर रँडचा खून होऊन पुण्यात धरपकड सुरू झालेली, कोण पुढे येणार? शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि ती त्यांना पुढे वर्षानुवर्षं ऐकवली गेली. आता बघा, झडत्या सरकारने घेतल्या, हॉस्पिटल आणि सेग्रिगेशन कँपची, म्हणजे लोकांना वेगळं ठेवायच्या छावण्यांची, रजिस्टरं सरकारकडे, सोल्जर सरकारचे, पण सिद्ध करायची जबाबदारी विलायतेत बसलेल्या प्रोफेसरवर.

22 जून 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट या लष्करी अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरकारने काय केलं ते या विषयासाठी जास्त महत्त्वाचं आहे. केसरीने "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" असा अग्रलेख लिहिला, टिळकांना जुलैअखेर पकडून 124 अ, म्हणजे राजद्रोहाच्या कलमाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, ती गोळीबारासाठी नाही, लिखाणासाठी. पुण्यातल्या नातू बंधूंना तर 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटलाच न चालवता डांबून ठेवलं, या दोघांनी झडत्यांविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. जाब विचारणाराच आत, असं ते झालं.

चौकशी झालीच नाही का? झाली. 1898 मध्ये प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन प्लेग कमिशन बसलं, पण त्याचा भर रोग कसा पसरतो, हाफकिन या शास्त्रज्ञाने बनवलेली प्लेगची लस चालते का, सीरमचा उपयोग होतो का यावर. पुण्यात कुणाशी कसं वागले हा त्याचा मुद्दाच नव्हता. तरी एक फरक पडला, हळूहळू सक्तीच्या झडत्या मागे पडल्या, त्याचं श्रेय कमिशनला द्यायचं की लोकांच्या विरोधाला यावर वाद घालता येईल. मार्च 1898 मध्ये मुंबईत मदनपुऱ्यात विणकर वस्तीतून एका आजारी मुलीला न्यायला गेले तेव्हा दंगल पेटली होती, त्यामुळे मी तरी लोकांच्या पारड्यात जास्त टाकीन.

आणि जबाबदारी कुणावर तरी टाकायचीच वेळ आली तेव्हा ती टाकली लस बनवणाऱ्या माणसावर. 1902 मध्ये पंजाबातल्या मल्कोवालला लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले, ठपका वाल्डेमार हाफकिनच्या मुंबईतल्या लॅबवर, त्याला पदावरून दूर केलं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये आवाज उठवल्यावर 1907 मध्ये तो निर्दोष ठरला. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

1918 चा इन्फ्लुएंझा याहून कितीतरी मोठा, भारतात एक कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आणि मुंबई इलाखा सर्वात जास्त पोळलेल्यांपैकी, पण त्यात सरकारला खऱ्या अर्थाने धारेवर धरणारी चौकशी झाली नाही. स्वातंत्र्यानंतर संविधान आलं, मूलभूत हक्क आले, 1952 चा चौकशी आयोग कायदा आला, 2005 ला माहितीचा अधिकार आला, साथरोग कायदा मात्र होता तसाच. 1994 ला सुरतेत प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून पळाले, तेव्हा रामलिंगस्वामी समिती नेमली, तिचंही काम मुख्यतः रोग कोणता होता हेच ठरवायचं.

आता 2020. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले आणि महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला 13 मार्चला. योगायोग म्हणा, पण पुण्यात झडत्या सुरू झाल्याचीच ती तारीख. देशभरचा लॉकडाऊन मात्र 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, 24 मार्चला रात्री आठला घोषणा आणि बाराला अंमल. त्या कायद्यातही सद्भावनेचं कवच आहेच. एप्रिलमध्ये वटहुकूम काढून 1897 च्या कायद्यात बदल केला, डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा, ते बरोबरच होतं, पण चौथं कलम जसंच्या तसं राहिलं. राज्यात लाखाच्या वर लोकांवर 188 चे गुन्हे लागले, ते मागे घ्यायचा निर्णय 2022 मध्ये झाला. बाहेर भाजी आणायला गेलेल्याची फाइल तयार झाली, चार तासांत देश बंद करायच्या निर्णयाची फाइल कुणी उघडलेली नाही.

8 मे 2020 ला जालन्याहून पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. सुप्रीम कोर्टाला मार्चअखेरीस सरकारने सांगितलं होतं की रस्त्यावर आता कुणी नाही. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली ती 26 मेला. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारलं की घरी जाताना किती मजूर मेले, तर श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर की असा डेटा ठेवलेला नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. गोखल्यांना निदान पुरावा मागितला होता, इथे पुरावा ठेवायचं काम ज्यांचं, त्यांनीच तो नाही म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच मिटवला.

ऑक्सिजनचं तेच. नोव्हेंबर 2020 मध्येच संसदेच्या आरोग्य समितीने ऑक्सिजन आणि बेडबद्दल इशारा दिला होता. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकीतून गळती होऊन पुरवठा बंद पडला, 20 हून जास्त पेशंट गेले. मे महिन्यात गोव्यात बांबोळीच्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान माणसं जात होती, 11 मेला एका दिवसात 26, आणि आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी स्वतःच हायकोर्टाने चौकशी करावी असं म्हटलं. सरकारातल्या मंत्र्यालाच कोर्टाकडे बोट दाखवावं लागतं यावरून काय ते समजा. मग 20 जुलैला राज्यसभेत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार, ज्या नाशिक जिल्ह्यातल्याच दिंडोरीच्या खासदार होत्या, त्यांनी सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं कळवलेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही ते. आरोग्य राज्यांचा विषय, राज्यांनी तसा रकानाच भरला नाही, भरला तर स्वतःवरच येणार. केंद्राने राज्यांकडे बोट करायचं, राज्यांनी केंद्राकडे, आणि यात पक्ष कुठला होता याने फार फरक पडलेला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये संसदीय समितीने या मृत्यूंचं ऑडिट करा म्हणून पुन्हा सांगितलं.

या सगळ्यात एकच जागा अशी आहे जिथे पुराव्याचं ओझं थोडं तरी सरकलं. 14 मार्च 2020 ला केंद्राने कोविडला आपत्ती ठरवून मृताच्या कुटुंबाला चार लाखांची तरतूद असलेलं पत्र काढलं आणि त्याच दिवशी ती तरतूद काढून टाकलेलं सुधारित पत्र आलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 30 जून 2021 ला कोर्टाने सांगितलं की सानुग्रह मदत द्यायची शिफारस करणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला बंधनकारक आहे, रक्कम तुम्ही ठरवा. ठरली 50 हजार. पण खरी गंमत रकमेत नाही, अटीत आहे. पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविडचाच धरायचा, दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो, हॉस्पिटलबाहेर गेला असला तरी. डिसेंबर 2021 मध्ये पैसे वाटले नाहीत म्हणून कोर्टाने महाराष्ट्राला चांगलंच झापलं, मग ऑनलाइन अर्ज वेगाने आले आणि बघता बघता राज्यात दोन लाखांच्या वर गेले, तेव्हा सरकारी मृत्यू होते साधारण 1 लाख 41 हजार. सगळे अर्ज खरे असतील असं मी म्हणत नाही, डबल पण असतील. तरी 2022 च्या मे मध्ये डब्ल्यूएचओने भारतात दोन वर्षांत 47 लाख जादा, म्हणजे नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त, मृत्यूंचा अंदाज दिला आणि केंद्राने 4 लाख 81 हजारांवर ठाम राहून पद्धतीलाच हरकत घेतली, तेव्हा या अर्जांच्या गठ्ठ्याची आठवण यायला हवी होती.

पैशांचा हिशोब हा वेगळाच अध्याय. मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांचं कॅग, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं ऑडिट लागलं ते राज्यात सरकार बदलल्यावर, हेतू राजकीय होता हे कुणालाही दिसेल. पण महापालिकेने कोविडच्या साधारण साडेतीन हजार कोटींची कागदपत्रं देताना हरकत घेतली, आधार काय, तर साथरोग कायदा 1897 आणि आपत्ती कायदा. तो खर्च तपासायचा राहूनच गेला. प्लेगच्या झडत्यांसाठी केलेला कायदा खरेदीची बिलं झाकायला वापरता येतो, हे कलकत्त्यातल्या त्या कौन्सिलला पण सुचलं नसतं. कर्नाटकातही तसंच, 2023 ला सत्ता बदलली आणि मग आधीच्या सरकारच्या कोविड खरेदीवर निवृत्त न्यायमूर्ती डिकुन्हा यांचा आयोग नेमला गेला.

बाहेर ब्रिटनने बॅरोनेस हॅलेट या माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली शपथेवर साक्षी घेणारी चौकशी चालवली, त्यात माजी पंतप्रधानांनाही पिंजऱ्यात बसावं लागलं, स्वीडनने तर साथ चालू असतानाच 2020 मध्ये आयोग नेमला आणि 2022 ला शेवटचा अहवाल घेतला. आपल्याकडे देशपातळीवर तसं काही झालं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये 22 व्या विधी आयोगाने 286 वा अहवाल दिला, त्यात 1897 चा कायदा अपुरा आहे, एकतर नीट दुरुस्त करा नाहीतर नवा सर्वसमावेशक कायदा आणा, केंद्र आणि राज्यांची कामं आधीच वाटून ठेवा असं म्हटलंय. चौकशी स्वतंत्र आणि वेळेत बंधनकारक करणारं कलम नव्या कायद्याच्या मसुद्यात असावं ही मागणी त्यामुळे आत्ताच लावून धरायला हवी, पुढची साथ आल्यावर मसुदा पुन्हा घाईत आणि रात्री आठलाच येईल.