सहा महिन्यांचं बाळ डावखुरं नसतं

गेल्या पावसाळ्यात लालबागला ओळखीच्या घरी उष्टावण होतं. सहा महिन्यांचं बाळ मामाच्या मांडीवर बसलेलं. खिरीचा चांदीचा चमचा त्यानं डाव्या हातानं ओढला, मामाच्या चष्म्याला झोंबला तोही डावाच हात. आजीनं उजवीकडून खुळखुळा धरला, तर अख्खं अंग वळवून पुन्हा डावाच हात पुढे आला. उजव्या हाताची मूठ होती आणि अंगठा मुठीच्या आत. 'डावखुरा होणार, दुसरा कांबळी!' सगळे खूश झाले. दारापाशी बसलेल्या मालिशवाल्या मावशी तेवढ्या गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ही मूठ मला रोज आंघोळीला सोडवावी लागते. पोरीला दोनदा सांगितलं मी."

मावशींचं निरीक्षण अचूक होतं. वर्षाच्या आतलं बाळ डावखुरं किंवा उजखुरं नसतंच. वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात ते पुढे करतं. हाताची खरी आवड पुढे, दोन-तीन वर्षांत पक्की होत जाते. म्हणून पहिल्या वर्षात बाळ एकच हात वापरत असेल, तर कौतुक त्या हाताचं करायचं नसतं, तपासायचा असतो तो दुसरा. कधी जन्माच्या वेळी खांद्याजवळची नस ताणली गेलेली असते. कधी मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या आगेमागे इजा झालेली असते आणि त्यातून शरीराच्या एका बाजूची हालचाल बिघडवणारी सेरेब्रल पाल्सी होते.

मेंदूतली ही इजा एकदा होऊन थांबते, पण तिचं नुकसान पुढे वाढत राहतं. ते कसं, हे मला कळलं तेव्हा मी हादरलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उजवा हात डावा मेंदू हलवतो, हे आपण शाळेत शिकलो. मेंदूतून निघालेले धागे मानेच्या वर एकमेकांना ओलांडून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतात. या जुडीला कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट म्हणतात. नवजात बाळात मात्र मेंदूची प्रत्येक बाजू दोन्ही हातांकडे धागे पाठवत असते. म्हणजे उजव्या हाताच्या चेतापेशींवर डाव्या मेंदूचेही धागे येऊन टेकलेले असतात आणि उजव्या मेंदूचेही. जागा थोडी आणि दावेदार दोन. निकाल वापरावर लागतो. ज्या धाग्यातून संदेश येतो आणि त्याच वेळी पलीकडची पेशीही पेटते, तिथे एनएमडीए नावाचं दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि धागा-पेशीमधला तो सांधा घट्ट होतो. ज्यातून संदेश येत नाही तो सांधा सैल पडतो, धागा मागे हटतो. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे. माणूस आलाच नाही तर रुमाल किती वेळ टिकणार?

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांनी बाळांच्या डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन हातांच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. नवजात बाळात मेंदूची एक बाजू चेतवली की दोन्ही हातांतून उत्तर यायचं. निरोगी मुलांत त्याच बाजूच्या हाताचं उत्तर पहिल्या दोन वर्षांत क्षीण होत गेलं. मेंदूच्या एका बाजूला इजा झालेल्या बाळांत वेगळंच दिसलं. दुखऱ्या बाजूकडून सुरुवातीला उत्तर मिळत होतं, आणि पुढच्या महिन्यांत ते हळूहळू विझलं. म्हणजे वाचलेले धागेसुद्धा स्पर्धेत हरले. त्यांची जागा निरोगी बाजूच्या धाग्यांनी घेतली, आणि त्यांना तो हात नीट चालवता येत नाही. एका डोळ्यावर मोतीबिंदू असलेल्या बाळाचा डोळा वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर पुढे मोतीबिंदू काढूनही नजर येत नाही. हे तसंच आहे.

अमेरिकेत जॉन मार्टिन यांच्या गटानं मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. मेंदूची एक बाजू काही आठवडे गप्प केली, मग चांगला पंजा बांधून दुबळ्या पंजाला वस्तू घ्यायला शिकवलं. लवकर शिकवलेल्या पिल्लांचे धागे परत आले. नुसता चांगला पंजा बांधून भागलं नाही, आणि उशिरा शिकवूनही भागलं नाही. बाळांच्या थेरपीत हेच तत्त्व वापरतात. चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि दिवसाला साधारण अर्धा तास दुबळ्या हाताला खेळवायचं. हे थेरपिस्टला विचारून, आईच्या हातून, घरातच होतं.

आता यात आपली सरकारी व्यवस्था कुठे आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. विकासातला विलंब शोधणं हे त्याचं एक मुख्य काम, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र. आराखडा चांगला आहे. पण मी त्या बाळाच्या आईसोबत एका सरकारी रुग्णालयात गेलो. साडेतीन तास रांग, आणि थेरपीची पहिली तारीख मिळाली दहा आठवड्यांनंतरची. बाळाचं वय तेव्हा सत्तावीस आठवडे. शेजारी गोवंडीहून आलेली एक बाई होती. कुर्ल्याला गाडी बदलायची, कडेवर मूल, बुडालेली रोजी. आठवड्यातून दोनदा ती किती महिने येईल? तिच्या मुलाच्या मनगटात काळा दोरा होता आणि हातात, मूळ पेशी टोचून बरं करतो म्हणणाऱ्या स्टेम सेलवाल्यांचं पत्रक. दोऱ्यानं वेळ जातो. पत्रकानं वेळही जातो आणि लाखो रुपयेही. मान्यताप्राप्त वैद्यकीय प्रयोगाबाहेर असे उपचार करू नयेत, असं आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, तरी या जाहिराती रांगेपर्यंत पोचतात याचा मला संताप येतो.

लसीकरणाचं वेळापत्रक बघा. सहा, दहा, चौदा आठवडे, आणि मग थेट नववा महिना. बाळ हात पुढे करायला लागतं ते नेमकं या मोकळ्या काळात! पण सहाव्या महिन्यापासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार सुरू होतो, आणि आशांच्या गृहभेटींतही सहावा महिना आहे. पाकीट घ्यायला आई येतेच. तेव्हा सेविकेनं बाळापुढे लाल खुळखुळा धरावा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मूठ बघावी. दोन मिनिटांचं काम आहे. शंका आली की पक्क्या निदानाची, दाखल्याची वाट न बघता 'धोका आहे' एवढ्या शब्दांवर थेरपी सुरू व्हावी. आणि थेरपिस्ट परळला बसून न राहता आठवड्यातला एक दिवस गोवंडीच्या, मालवणीच्या हेल्थ पोस्टमध्ये असावा. आईला हात कसा धरायचा ते शिकवायला मोठं यंत्र लागत नाही, एक चटई लागते. मालिशवाल्या बायकांनाही या प्रशिक्षणात घ्या. बाळाचं अंग रोज त्यांच्याच हाताखालून जातं.

लालबागच्या बाळाच्या डाव्या हातावर आता रोज संध्याकाळी जुन्या मोज्याची पिशवी चढते. पहिल्या तारखेला थेरपिस्टनं शिकवलं तेव्हा मावशी मुद्दाम सोबत गेल्या होत्या. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी स्टीलची वाटी उजवीकडे धरली होती. बाळानं हात आपटला, वाटी वाजली. मूठ अजून पूर्ण उघडत नाही. दोन बोटं उघडतात.